पहिला दाणा

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बघवत नाही. भरल्या खोलीत फिरणाराही फारसा बघवत नाही, पण तिथं त्यांचा नाइलाज असतो. सोलापूरच्या मे महिन्यात भर दुपारी तुम्ही पंख्याखाली बसला आहात आणि घोटभर पाणी प्यायला उठलात, तर परत येईपर्यंत पंखा थांबलेला असतो आणि आप्पा काहीच न घडल्यासारखे पेपर वाचत असतात. तक्रार करायची सोय नाही. "गेलीस म्हणून बंद केला," एवढंच उत्तर मिळतं. माझं लग्न ठरायच्या वेळी मुलाकडची मंडळी घर बघायला आली होती. होणारे सासरे हात धुवायला मागच्या मोरीत गेले आणि आप्पांनी सवयीनं पुढच्या खोलीतूनच मागचा दिवा मालवला. बादलीचा आवाज झाला तेव्हा सगळ्यांना कळलं. लग्न मोडलं नाही, पण सासरे त्यानंतर आमच्या घरी यायचे ते खिशात बॅटरी घेऊनच.

हे कंजूषपणातून आलेलं नाही, हे मात्र मी शपथेवर सांगेन. आप्पांची उभी नोकरी चादरीच्या कारखान्यात गेली. वीज गेली की माग थांबायचे, माग थांबले की माणसं हात बांधून बसायची, आणि त्या शांततेची आप्पांना अजून धडकी भरते. ताटात अन्न टाकू नये, असं आपल्याला शिकवतात ना, तसं आम्हाला दिवा मालवायला शिकवलं. आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, त्याचा इतका कंटाळा आला होता की तिनं एकदा सगळी बटनं पुसून काढली आणि म्हणाली, घासून घासून झिजली असतील, बघते जरा.

आप्पा कारखान्यात माग चालवत नव्हते. ते चादरीची नक्षी काढायचे. चौकटीच्या मोठ्या कागदावर आधी चित्र, चौकट न् चौकट रंगवून; मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची; त्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढली की कापडात मोर, वेली, कोयऱ्या उमटायला लागायच्या. त्यात एक भोक जरी चुकलं, तरी निघणाऱ्या प्रत्येक चादरीत त्याच जागी खोट. त्यामुळे आप्पांचा कामाचा एक नियम होता आणि हाताखालच्या माणसांनाही त्यांनी तो घोटून घोटून शिकवला होता: कापडात खोट दिसली की मागाला बोल लावायचा नाही, आधी आपला पुठ्ठा तपासायचा. माग कधी खोटं बोलत नाही. माणूस चुकतो.

हा नियम त्यांनी कारखान्यात ठेवून घरी यायला हवं होतं, पण आणला. घरातल्या जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या तेव्हा आप्पा आधी डोळे तपासून आले. डोळे चांगले निघाले, मग गच्चीवर जाऊन अँटेना बघितला, तर त्यावर कावळ्यानं घरटं केलेलं. अव्वा अजून ही गोष्ट आल्या-गेल्याला सांगते.

आमच्या घराण्यात लग्न निघालं की आप्पांच्या हातची चादर द्यायची रीत आहे. तयार नाही, त्या लग्नासाठी मुद्दाम नवी नक्षी काढून, आणि ती नक्षी पुन्हा कुणाला नाही. माझ्या चादरीवर डाळिंबाची फुलं आहेत, भावाच्या चादरीवर विहिरीचे रहाट. पाहुणेमंडळी आधी चादर उलगडून बघतात आणि मग नवरा-नवरीकडे वळतात. माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा साखरपुड्याचा दिवस ठरायच्या आत ती आज्जाकडे जाऊन चादर मागून आली. तिला शाळूचं कणीस हवं होतं. आमची थोडी जमीन मंगळवेढ्याकडे आहे, काळी, रब्बीची. लहानपणी ती आज्जाच्या मांडीवर बसून हुरडा खायची आणि पोट भरलं तरी हात थांबायचा नाही. आप्पा खूश झाले. कणीस त्यांनी कधीच काढलं नव्हतं. मला म्हणाले, वेल काय, एकदा सुरू केली की आपली चालत राहते. कणसात दाणा न् दाणा सुटा काढावा लागतो.

ही गोष्ट दसऱ्याची. दिवाळी झाली आणि एका सकाळी आप्पांच्या उजव्या हातातून चहाची बशी निसटली. त्यांनी वाकून तुकडे उचलायचा प्रयत्न केला तर हात ऐकेना. आम्ही वेळेत दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा हलका झटका आहे, हात परत येईल, पण घाई करायची नाही. घाई करायची नाही, हे आप्पांना सांगायची गरजच नव्हती. कागदावर एक रेघ ओढायच्या आधी ते इतका वेळ बघत बसायचे की कारखान्यात नवा आलेला माणूस त्यांना डुलकी लागली असं समजायचा.

आता आप्पांच्या संगणकाकडे येते. आप्पा निवृत्त झाल्यावर माझ्या पुण्याच्या भावानं त्यांना एक संगणक आणि त्याला जोडायची चित्रं काढायची सपाट पाटी आणून दिली होती. पाटीवर एका खास पेनानं रेघ ओढली की ती समोर पडद्यावर उमटते. संगणकाला ती यूएसबीच्या वायरीनं जोडलेली असते आणि तिच्या कोपऱ्यात मुगाएवढा एक निळा दिवा असतो. आप्पांना ती पाटी पहिल्या दिवसापासून आवडली. रबर नाही, शाईचे डाग नाहीत, आणि नक्षी पेन ड्राइव्हवर घालून थेट कारखान्यात देता येते, कारण आता पुठ्ठेही गेले. झटका येईपर्यंत ते तिच्यावर मजेत काम करत होते. कणसाचा देठ आणि पानं काढूनही झाली होती.

आजारपणात उजवा हात झोळीत आणि डावा मोकळा. पेपर पुरेना, टीव्ही आवडेना. मग आप्पा डाव्या हातात माउस धरून संगणकात फिरायला लागले. भावानं पडद्यावरची भाषा मराठी करून दिली होती, त्यामुळे आप्पांनी प्रत्येक पान शब्द न् शब्द वाचून काढलं, आणि जिथं जिथं वीज वाचवायची गोष्ट निघाली तिथं तिथं 'हो' म्हणून टाकलं. पडदा लगेच काळा व्हायला लागला. अव्वा भजनं लावायची, ती अर्ध्यात बंद पडायची; शेवटी तिनं आरडाओरडा करून तेवढं परत होतं तसं करायला लावलं. एके दिवशी मी गेले तेव्हा ते फारच खुशीत होते. त्यांना म्हणे आतमध्ये खोल कुठंतरी एक चौकट सापडली होती. वीज वाचवण्यासाठी संगणकानं हे उपकरण बंद करावं का, अशी परवानगी तिथं मागितली होती, आणि चौकटीत खूणच नव्हती. म्हणजे संगणक बिचारा विचारतोय आणि कुणी उत्तर दिलेलं नाही. भावानं कधी काळी ती खूण मुद्दाम काढली असेल, हे त्यांच्या मनात आलं नाही.

"पुण्यात ऱ्हातंय पोरगं, त्येला काय बिलाची फिकीर," आप्पा म्हणाले आणि त्यांनी ती खूण करून टाकल्याचं मला सांगितलं. मी शेंगा फोडत होते. बरं केलंत, म्हटलं.

जानेवारी संपता संपता हात बराच परत आला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ताटलीत ज्वारी घालून एकेक दाणा चिमटीत उचलायला सांगितलं होतं. आप्पा ते इतक्या मन लावून करायचे की अव्वा त्यांच्याकडून डाळही निवडून घ्यायला लागली. बाई म्हणाल्या, हात आता छान चालतोय, कामाला लागा. मेमध्ये लग्न होतं. कारखान्याच्या मालकांनी आप्पांच्या जुन्या संबंधाखातर एक माग मोकळा ठेवायचं कबूल केलं होतं, पण पाडव्यानंतर टॉवेलची मोठी ऑर्डर चढणार होती. पाडव्याच्या आत नक्षी द्यायची, नाहीतर नाही.

फेब्रुवारी गेला. आप्पांना विचारलं की, चालू आहे, म्हणायचे. भाऊ पुण्याहून फोनवर विचारायचा, त्यालाही तेच. कुणी खोलीत गेलं की ते पेन खाली ठेवून गप्पा मारायला लागायचे. मला वाटलं, पूर्ण झाल्याशिवाय दाखवायची नसेल. कलाकार माणसं असतात तऱ्हेवाईक. मग एका संध्याकाळी माझी लेक तणतणत घरी आली. आज्जानं तिला समोर बसवून सांगितलं होतं की नवी पेठेत चांगल्या चादरी मिळतात, तुला आवडेल ती घे, पैसे मी देतो. ती चप्पल काढता काढता रडायला लागली. चादरीसाठी नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. आज्जा तिच्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते, हे तिनं दोनदा सांगितलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी गेले आणि सरळ त्यांच्या खोलीत जाऊन बसले. रागावले होते मी. माझा स्वभाव तसा तापट आहे आणि काळजी वाटली की ती आधी रागातूनच बाहेर पडते. मी म्हटलं, आप्पा, पोरीला असं का सांगितलंत? संगणक चालूच होता. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि पडद्यावरचं कणीस मला दाखवलं. अर्धं भरलेलं. इतकं सुंदर की मी राग विसरले. टपोरे दाणे, एकमेकांना खेटून, आणि तरी प्रत्येक वेगळा.

"बग आता," आप्पा म्हणाले. ते नेहमीसारखे बराच वेळ नुसते बघत बसले. मग पेन उचललं आणि पाटीवर टेकवून एक दाणा काढला. हात जराही कापला नाही. पडद्यावर काहीच आलं नाही. त्यांनी शेजारी दुसरा काढला. तो आला. तिसरा आला, चौथा आला. मध्ये एका दाण्याची जागा रिकामी राहिली, पडलेल्या दातासारखी.

"दिसलं? पैला दाणा येतच न्हाय. कवाच न्हाय. मला वाटतंय मी काडला, पर हातानं काडलेलाच नस्तोय. डोक्यातनं निगतंय आन् हातापत्तुर पोचत न्हाय."

ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते समजावून सांगत होते, शिकाऊ माणसाला पुठ्ठ्यातली चूक दाखवावी तसं. मी म्हटलं, मग मागे जाऊन भरा की तो दाणा. ते म्हणाले, भरतोच आहे, गेला महिनाभर तेच करतोय; पण ज्या हाताचा पहिला घाव खरा पडत नाही त्या हातानं नातीच्या लग्नाची चादर काढायची नाही. मागून ठिगळं लावलेली चादर होईल ती. मी डोळ्यांनी बघितलं होतं. हात टेकला होता आणि दाणा आला नव्हता. आप्पांचं म्हातारपण मला त्या दिवशी पहिल्यांदा समोर बसलेलं दिसलं.

तेवढ्यात अव्वानं चहाला हाक मारली. आप्पा उठले, आणि एवढं सगळं बोलून झाल्यावरही, मी तिथंच बसलेली असताना, त्यांनी जाता जाता पंखा बंद केला. मी उठून परत चालू केला आणि वैतागून त्यांच्याच खुर्चीत बसले. समोर ती रिकामी जागा दिसत होती. मी तिच्याकडे बघत बसले, डोळे पुसले, आणखी बघत बसले. त्यांच्या कणसाला हात लावायचा नव्हता, म्हणून बाजूच्या कोऱ्या भागात उगाच एक दाणा काढून बघावा म्हणून पेन उचललं. काढला. आला नाही.

मला वाटलं, मला ते पेन धरता येत नाही. पुन्हा टेकवलं. आला, वेडावाकडा, वाटाण्याएवढा. आणखी एक आला. मग मी पेन खाली ठेवलं आणि मुद्दाम हाताची घडी घालून बसले. बसल्या बसल्या पाटीच्या कोपऱ्यातला निळा दिवा मालवला. मी पेन उचललं, दाणा काढला. नाही. दिवा मात्र लागला. दुसरा काढला. आला. मी तिथंच मोठ्यानं हसायला लागले. माझ्या हाताला कधी काहीही झालेलं नाही.

आप्पा बशी हातात घेऊनच आले. मी त्यांना करून दाखवलं. त्यांचा विश्वास बसला नाही. ते म्हणाले, तुझा हात कच्चा आहे, तू कधी ह्या पेनानं काम केलंस? नियम तो नियम: आधी माणूस तपासायचा. मग मी अव्वाला बोलावलं. अव्वा पदराला हात पुसत आली. तिनं त्या संगणकाला भजनांपलीकडे कधी हात लावलेला नव्हता. मी तिला खुर्चीत बसवलं, दिवा मालवेपर्यंत थांबवलं, आणि सांगितलं, टिकली लावल्यासारखं टेकव. तिनं टेकवलं. काही आलं नाही. आप्पांनी वाकून बघितलं आणि अगदी मनापासून काळजीनं विचारलं, "हिचा बी हात गेला का काय?"

अव्वानं पेन खाली ठेवलं. "माज्या हाताला काय धाड भरलीया? दुपारी भाकऱ्या खाल्ल्या त्या कुनाच्या हातच्या हुत्या?"

आप्पांनी बशी टेबलावर ठेवली आणि स्वतः पाटीकडे बघायला लागले. माणसाकडून मागाकडे वळायला त्यांना उभं आयुष्य लागलं. मी त्यांना निळा दिवा दाखवला. आप्पा म्हणाले, तो हल्ली मी रोज बघतोय. काम थांबलं की आपोआप मालवतो, घरात एवढं शहाणं दुसरं कुणी नाही. मला त्याचं कौतुकच वाटायचं, म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमच्या टेबलावर पुस्तकावरची बारकोडची पट्टी वाचणारं एक यंत्र आहे, तेही यूएसबीलाच जोडलेलं. मधल्या सुट्टीनंतर पहिलं पुस्तक त्याच्यासमोर धरलं की ते ढिम्म. दुसऱ्या खेपेला वाचायचं. आमच्याकडे संगणक दुरुस्त करायला येणारे गृहस्थ एकदा हसून म्हणाले होते, मॅडम, ते बिघडलेलं नाही, झोपलेलं असतं. वीज वाचवायला संगणक त्याला झोपवतो, आणि पहिली हाक त्याला उठवण्यात जाते. त्यांनी एक खूण काढली आणि यंत्र जागं राहायला लागलं.

पाटीचंही तेच होतं. भराभरा रेघा ओढणाऱ्याला ते कधी कळलंही नसतं. पण आप्पा एकेका दाण्याआधी बघत बसणार, तेवढ्यात पाटी झोपणार, आणि त्यांचा पहिला दाणा तिला उठवण्यात खर्ची पडणार. झटक्याआधी असं होत नव्हतं, कारण तेव्हा ती खूण नव्हती. झटक्यानंतर व्हायला लागलं, आणि आप्पांनी आपल्या नियमानं दोष हाताला दिला.

मी त्यांना म्हटलं, "आप्पा, ती परवानगी तुम्हीच दिली होती."

आप्पांनी वाकून त्या दिव्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी मीच झोपिवलं व्हय तिला?" आणि अव्वा इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी संगणकाला जोडलेल्या वस्तूंचं पान उघडलं. त्यात यूएसबीचे हब, म्हणजे वायरी जोडायच्या जागा, होते, एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या आत वीज वाचवण्याची ती चौकट होती. आप्पांनी एकही सोडला नव्हता. वीज नियोजनाच्या आतल्या पानावरही वापरात नसलेली यूएसबी उपकरणं थांबवायची की नाही असा एक प्रश्न होता, आणि तिथंही त्यांचं 'हो' होतं. मी खुणा काढायला लागले, तर आप्पांनी माझा हात धरला. त्यांना आधी एक विचारायचं होतं: म्हणजे मग हा निळा दिवा दिवसभर जळत राहणार का? काम नसतानाही? किती वीज खाणार तो?

आता हसावं की रडावं मला कळेना. ह्या माणसानं महिनाभर आपला हात मेला म्हणून मनातल्या मनात सुतक पाळलं होतं, आणि आता मुगाएवढ्या दिव्यासाठी अडून बसला होता. मी म्हटलं, आप्पा, देवघरातला लाल दिवा खातो त्याहून कमीच खाईल हो. देवघरातला तो लाल दिवा म्हणजे आमच्या घरातला एकमेव दिवा, ज्याला आप्पा हात लावत नाहीत. कारण त्याच्यावर अव्वाचा पहारा असतो.

आप्पा अजून विचारच करत होते. अव्वा म्हणाली, "मग त्यो बी देवाचाच समजा की. साकु आता." साकु म्हणजे पुरे, अव्वाच्या माहेरी कानडी, आणि वाद संपवायचा असला की ती कानडीत जाते. तिनं कानडीत संपवलेला वाद आमच्या घरात परत कुणी काढत नाही.

मी खुर्चीतून उठले. आप्पा बसले आणि खुणा त्यांनीच काढल्या, एकेक, उजव्या हातानं. मग मी सांगितलं, आता कुणी पाटीला हात लावायचा नाही. आम्ही तिघं तिथंच बसलो. अव्वानं गार झालेला चहा परत गरम करून आणला, आम्ही तो प्यायलो, आणि सगळा वेळ त्या दिव्याकडे बघत राहिलो. क्रिकेटच्या मॅचलाही आमचं घर एवढं गप्प बसलेलं मी बघितलेलं नाही. दिवा लागलेलाच राहिला. आप्पांनी बनियनला हात पुसला, पेन उचललं, बघत बसले, आणि कणसाच्या वरच्या टोकाला एक दाणा टेकवला.

आला.

त्यांनी दुसरा काढायची घाई केली नाही. पेन ठेवलं, पुन्हा थांबले, पुन्हा उचललं. आला. असं ते कितीतरी वेळ करत राहिले, दर वेळी पहिलाच दाणा असल्यासारखा. अव्वा मागं उभी राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं माझ्यासमोर त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला मला आठवत नाही. मला फार आनंद झाला होता. मी उगाच आत जाऊन कपबशा विसळल्या.

पाडव्याच्या आधी नक्षी कारखान्यात गेली. लग्न झालं, चादर मांडवात उलगडली, पाहुण्यांनी हात फिरवून बघितली. माझी लेक ती आता तिच्या घरी पांघरते आणि धुवायला कुणाच्या हातात देत नाही. चारी कोपऱ्यांत चार कणसं आहेत, चारही वेगवेगळी काढलेली. त्यातल्या एका कणसात एक दाणा नाही. ती रिकामी जागा शोधल्याशिवाय दिसत नाही, मांडवात कुणालाच दिसली नाही.

दिसली होती ती फक्त नक्षी मागावर चढवणाऱ्या माणसाला. तो एकेकाळी आप्पांच्या हाताखाली शिकलेला, नजर पक्की. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते, पंख्याखाली बसून लग्नाच्या अक्षता निवडत होते. आप्पांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी फोनचा आवाज मोठा केला होता. तो बिचारा फार अदबीनं बोलत होता. आप्पा आजारातून उठले आहेत, चूक दाखवायची कशी, असं त्याला झालं असणार. शेवटी म्हणाला, "आप्पा, एका कणसात एक दाणा ऱ्हायलाय. मी भरून टाकू का?"

मला ती जागा लगेच आठवली. आप्पांनी मला दाखवण्यासाठी म्हणून जो दाणा काढला होता आणि जो आला नव्हता, तीच. बाकीचे सगळे त्यांनी भरले होते.

"ऱ्हाऊ दे तसाच," आप्पा म्हणाले. "ती खोट माजी न्हाय."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यानं आप्पांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. मीही नव्हतं ऐकलं. तो बरं म्हणाला. आप्पांनी फोन ठेवला, माझ्याकडे बघून हसले, उठले, आणि बाहेर जाता जाता माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करून गेले.